मिक्सर कधी लावता?

"मिक्सर किती वाजता लावता तुम्ही?"

ताई फोनवर विचारते आहे. पलीकडे गुहागरच्या बाजूचे एक घरगुती निवासवाले आहेत. स्पीकर चालू असल्यामुळे त्यांचं गोंधळून थांबणंही आम्हाला ऐकू येतं.

"मिक्सर? वाटणाला लागेल तेव्हा. का हो?"

"स्वयंपाकघराला लागून खोली आहे का? आणि मोटर कुठल्या अंगाला आहे?"

"ताई, टेन्शनच घेऊ नका. एकदम शांत जागा आहे. समोर समुद्र, मागे वाडी. पोरांना कंटाळा यायला नको म्हणून शनिवारी आपण डीजेपण ठेवतो."

ताई आभार मानते, फोन ठेवते आणि वहीतल्या त्या नावावर काट मारते. दाजी हसतात. आज्जी, म्हणजे ताईच्या सासूबाई, लसूण सोलता सोलता विचारतात, "झालं का ठरून?" आणि उत्तराची वाट न बघता पुढची पाकळी घेतात.

सिडकोतल्या या घरात आज पाण्याचा दिवस आहे. संभाजीनगरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. कित्येक दिवसांनी नळाला पाणी येतं आणि ते आलं की गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात. आपल्याला ती एक सरसकट घरघर वाटते. माझ्या भाच्याला प्रत्येक मोटर वेगळी ऐकू येते. तो नऊ वर्षांचा आहे. कपाट आणि पलंग यांच्या मधल्या फटीत, कानांवर मोठे निळे हेडफोन लावून तो बसला आहे. अंगात नारिंगी लाइफ जॅकेट, पट्टे आवळून. समुद्रावर जायचं म्हणून दाजींनी ते आणलं, पण त्याचा घट्टपणा त्याला इतका आवडला आहे की जेवतानाही काढू देत नाही. थेरपीवाल्या मॅडमनी ताईला यातली मेख सांगितली आहे: हलका, ओझरता स्पर्श अशा मुलांना डिवचतो, आणि घट्ट, जड दाब निवांत करतो. म्हणून शर्टाच्या मागच्या लेबलापायी रडणारं पोर गादीखाली दबून खुशाल झोपतं.

तो मधूनच म्हणतो, "यात्रीगण कृपया ध्यान दें." स्टेशनवरच्या बाईंचा आवाज, तोच चढ, तोच उतार. याचा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक आहे: आता फार झालं. आज्जी लसणाचं ताट बाजूला ठेवून उठतात आणि आपल्या मोटरचं बटण बंद करतात. टाकी अर्धीच भरली आहे. कुणी काही बोलत नाही.

दाजींकडे एक जाडजूड फाइल आहे. तिच्यात प्रमाणपत्र आहे, कार्ड आहे. १९९५च्या अपंगांच्या कायद्यात सातच प्रकार होते, स्वमग्नता त्यात नव्हती. २०१६च्या कायद्याने ते एकवीस केले, तेव्हा ती आली. डॉक्टरी निकषांतही आवाज, उजेड, वास, स्पर्श यांचं असं टोकाचं जाणवणं नावानिशी नोंदलं गेलं ते अमेरिकी मनोविकार-संहितेच्या २०१३च्या आवृत्तीत. त्याआधीच्या कितीतरी आयांनी "पोरगं हट्टी आहे" एवढंच ऐकून घेतलं असणार. आता फाइल आहे, पण गुहागरच्या स्वयंपाकघरातला मिक्सर खोलीपासून किती लांब आहे, हे फाइल सांगत नाही. ते ताईलाच विचारावं लागतं.

तिच्या वहीत प्रश्न लिहिलेले आहेत. इन्व्हर्टर की जनरेटर? ट्यूबलाइट लुकलुकते का? फरशी कशाने पुसता, फिनाईलने की नुसत्या पाण्याने? मासळी तळतात ती आत की मागच्या पडवीत? देवळाची घंटा किती जवळ? वरणभात रोज मिळेल का, रोज म्हणजे रोज, आणि वरण भातावर न घालता वेगळ्या वाटीत? पहिल्यांदा वाचताना मला हसू आलं होतं. आता वाटतं, प्रवासाला निघणाऱ्या कुणालाही हे विचारायला हरकत नाही, फक्त आपल्याला उत्तर चुकीचं आलं तरी चालतं.

दुसरा फोन अलिबागकडे जातो. तिथले गृहस्थ नियमाचे पक्के. "दहानंतर आवाज पूर्ण बंद, मॅडम. कायदाच आहे." कायदा आहेच, ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. पण भाच्याची रात्र साडेआठला सुरू होते. काट.

तिसरा वेळासला. मंडणगड तालुक्यातलं हे गाव नाना फडणवीसांचं, आणि गेली वीसेक वर्षं ऑलिव्ह रिडले कासवांचं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२पासून तिथे घरटी राखायला सुरुवात केली. फोन घेणाऱ्या बाई मोकळ्या स्वभावाच्या आहेत. सांगतात, पिल्लं समुद्रात सोडायच्या वेळी, सकाळी आणि संध्याकाळी, किनाऱ्यावर माणसं जमतात, पण दोरीच्या मागे उभी राहतात, फ्लॅश मारत नाहीत, गलका करत नाहीत. ताईचे डोळे चमकतात. आपल्याकडे शेकडो माणसं एका जागी गप्प उभी राहू शकतात, कारण कासवाच्या पिल्लाला त्रास होईल! मला त्या पिल्लांचा थोडा हेवा वाटतो. मग बाई म्हणतात, "फक्त मोसमात घर भरलेलं असतं हो. पडवीत दोन-तीन कुटुंबं एकत्र झोपतात. चालेल ना?" ताई विचारते, "मुलगा रात्री ओरडला तर?" बाई थोडं थांबून विचारतात, "मारतो का कुणाला?"

दाजी मान खाली घालतात. ताईचा आवाज तसाच राहतो.

"नाही. कान झाकतो आणि ओरडतो."

"मग माझी काही हरकत नाही. पण बाकीचे पाहुणे कसे निघतील, ते मी कशी सांगू?"

ताई या नावावर काट मारत नाही. बाजूला एक टिंब देते.

मी विचारते, "समुद्रच कशाला? म्हैसमाळ आहे की इथे."

"मला बघायचाय म्हणून," ताई म्हणते. "लग्नानंतर एकदा गेलो होतो. तेवढंच." मग जरा वेळाने, "आणि त्याला पाणी आवडतं. टँकर रिकामा व्हायला लागला की तो पाइपाशेजारून हलत नाही."

आवडतं हेच भीतीचंही आहे. पाणी दिसलं की तो सरळ त्याच्याकडे चालू लागतो, मागे बघत नाही, हाक ऐकत नाही. म्हणून दाजींचे प्रश्न वेगळे असतात: किनारा सपाट आहे की उतरता, पाण्यात किती पावलांवर कंबरभर होतं. म्हणूनच ते जॅकेट. आणि म्हणूनच कोकणाच्या आधी पैठण.

मधल्या वारी, उजाडायच्या आत, आम्ही निघतो. वार मुद्दाम निवडलेला आहे. ताईच्या 'कालनिर्णय'वर गर्दीच्या तारखांना लाल फुल्या आहेत: सव्वीस जानेवारीला जोडून आलेली सुट्टी, शिवजयंती, महाशिवरात्र, आणि पैठणपुरती मोठी फुली फाल्गुन वद्य षष्ठीला. नाथषष्ठीला लाखोंनी वारकरी येतात, तेव्हा त्या रस्त्याला लागायचंच नाही. भाच्याच्या हातात चित्रांची पट्टी आहे: गाडी, चहाचं हॉटेल, पाणी, गाडी, घर. एकेक गोष्ट झाली की तो ते चित्र उचकटून पाकिटात टाकतो. पट्टीवर नसलेलं काही करायचं झालं तर आधी चित्र लावावं लागतं. मला पैठणी बघायची आहे, हे मी बोलतच नाही.

पन्नासेक किलोमीटरवर नाथसागर येतो. बांधाच्या बाजूला न जाता आम्ही फुगवट्याकडच्या एका गावातून कच्च्या वाटेने काठाला उतरतो. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हातून १९६५ साली झाली, आणि १९७६मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. बांध सुमारे दहा किलोमीटर लांब, दरवाजे सत्तावीस. पाणी इतकं पसरलेलं की पलीकडचा काठ दिसत नाही, नुसती धूसर रेघ. आज्जी कमरेवर हात ठेवून म्हणतात, "समुद्र म्हणजे आणखी काय असतो? ह्योच की." हे आमच्याच नळाचं पाणी, जाडजूड पाइपांतून फारोळ्याला जाऊन, गाळून आमच्या गल्लीत येतं, असं दाजी भाच्याला सांगतात. तो पाण्याकडे बघतो आणि विचारतो, "मोटर कुठंय?"

वाळू इथे नाही. चिखल, बारीक खडी आणि सुकलेल्या शेवाळाची पापुद्र्यांसारखी साल. वाळूची तालीम घराच्या गच्चीवर झाली आहे. शेजारी बांधकाम चालू आहे, तिथून दाजींनी घमेलंभर वाळू मागून आणली. कोरड्या वाळूत त्याने पाय ठेवला नाही, किंचाळला. ओली करून थापून दिली तेव्हा दोन्ही पायांनी उभा राहिला, आणि नंतर उतरायलाच तयार नव्हता. म्हणजे कोकणात माडाखालची भुसभुशीत वाळू बूट घालून ओलांडायची आणि पाण्यालगतच्या कडक पट्ट्यावर बूट काढायचे. एवढं कळायला एक घमेलं पुरलं.

दूर पाण्यात चक्रवाकांची रांग बसली आहे, त्यापलीकडे गुलाबी ठिपके, ते रोहित असावेत. वारा आहे. छोट्या लाटा खडीवर येऊन चपचप करतात. भाचा काठाशी उभा आहे, दाजींची दोन बोटं त्याच्या जॅकेटच्या मागच्या पट्ट्यात अडकवलेली. त्याने हेडफोन स्वतःहून मानेवर उतरवले आहेत. ताई मला कोपराने खुणावते.

आणि तेवढ्यात उपसा पंप सुरू होतो. शेतकऱ्यांनी काठावर लावलेल्यांपैकी कुठला तरी, अगदी जवळचा. भाच्याचे हात कानांवर जातात, गुडघे वाकतात. "यात्रीगण कृपया," पुढचं येत नाही. मी उगीचच गाडीकडे धावायच्या तयारीत. ताई मात्र हलत नाही. ती त्याच्यासमोर बसते आणि एका बाजूला नुसतं बोट दाखवते. बोलत नाही. बोट दाखवून ठेवते.

तो बघतो. झुडपाआड गंजका पत्रा, त्याखाली पंप, पाण्यात गेलेला काळा पाइप. बराच वेळ बघतो. मग एका कानावरचा हात निघतो. मग तो त्या पाइपाच्या दिशेने चार पावलं चालतो, दाजी पट्ट्याला धरून त्याच्या मागे. "मोटर," तो म्हणतो, ज्या प्रश्नाचं उत्तर मिळत नव्हतं ते मिळाल्यासारखं.

ताई वही काढून मांडीवर ठेवते आणि लिहिते: दिसला की चालतो. मोटर कुठे आहे, हे ती सगळ्यांना का विचारते, ते मला आत्ता कळतं. मोटर नसलेलं घर तिला नकोच आहे, तसं मिळणारही नाही. आल्या आल्या त्याला नेऊन दाखवता येईल अशी मोटर हवी आहे. समुद्राचा आवाज तर या पंपाहून मोठा असेल. पण लाट येताना दिसते, फुटते, ओसरते, आणि पुढची येणार हे आधीच माहीत असतं. न सांगता येते ती लग्नाची वरात, जेट-स्कीचा भोंगा, शेजारच्या टेबलावरचा केक आणि फुगा.

जरा पलीकडे दोन बाया कपडे धूत आहेत. धुणं थांबवून त्या केव्हाच्या आमच्याकडे बघतायत. शेवटी एकीला राहवत नाही. "काय झालं हो लेकराला?"

"काही नाही झालं," आज्जी म्हणतात. "त्याला आवाज जास्ती ऐकू येतो."

"बरंय की मग! आमच्या ह्यांना तर काहीच ऐकू येत नाही."

दुसरी हसते, आज्जी हसतात, धुणं पुन्हा सुरू होतं. मला वाटतं, एवढं जमलं तरी पुष्कळ झालं. परतीच्या वाटेवर दाजी लंडनच्या गॅटविक विमानतळाचं सांगतात. तिथे २०१६मध्ये हिरव्या पट्टीवर पिवळी सूर्यफुलं अशी गळ्यात घालायची खूण सुरू झाली; ती दिसली की कर्मचारी समजून घेतात, न दिसणारं काही आहे, घाई करू नये. पुढे ती खूण अनेक देशांत गेली. ताई मागच्या सीटवरून म्हणते, "इथं गळ्यात असलं काही घातलं ना, तर लोक विचारतील, कुठल्या पक्षाचे?"

संध्याकाळी पुन्हा वही. केळशीला फोन लागतो. दापोली तालुक्यातलं हे गाव, संभाजीनगरहून पुणे, ताम्हिणी, माणगाव, मंडणगड असं चारशेच्या वर किलोमीटर. पुण्याला मुक्काम करावाच लागणार, मावसभावाकडे, जिथला मिक्सर ओळखीचा आहे. पलीकडचा आवाज वयस्कर आहे. ताई प्रश्न विचारत जाते आणि ते एकेका प्रश्नाला विचार करून उत्तर देतात. मिक्सर सकाळी साडेनऊला, जेवणाच्या वाटणाला, एकदाच. हवं तर पाट्यावर वाटू, पण बायको ऐकेल का ते विचारून सांगतो. मोटर विहिरीपाशी, खोलीतून दिसत नाही, ऐकू येते. जनरेटर नाही, लाइट गेली तर गेली. मासळी मागच्या पडवीत. देऊळ लांब आहे, पण कोंबडा जवळ आहे.

"कधी येताय?"

ताई तारखा सांगते. मंगळवार ते शुक्रवार.

"त्या आठवड्यात येऊ नका."

आम्ही सगळे एकमेकांकडे बघतो.

"गुरुवारी आमच्याच आळीत लग्न आहे. बँड सांगितलाय, आदल्या दिवशी हळद, स्पीकर लागणारच. मी नको म्हणून कोणी ऐकणार नाही, आणि मी म्हणणारही नाही, घरचंच कार्य आहे. पुढच्या आठवड्यात या. अष्टमी आहे तेव्हा, ते बरं पडेल तुम्हाला."

"अष्टमीचं काय?" दाजी विचारतात.

"भांग असतो. पाणी फार पुढे-मागे होत नाही. अमावास्या-पुनवेला उधाण, सकाळी पोर खेळलं ती वाळू दुपारी पाण्याखाली. तुमच्या मुलाला जागा बदललेली चालत नसेल, तर अष्टमीच बरी. सहाच्या सुमाराला भरती, बाराला ओहोटी."

"हे कसं काढलंत?"

"तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. थोडं इकडेतिकडे होतं."

फटीतून आवाज येतो, "चतुर्थी तीन. अष्टमी सहा." मग, कुणी न विचारता, "द्वादशी नऊ."

दाजी बोटांवर हिशेब करून बघतात. बरोबर आहे. आगगाड्यांची वेळापत्रकं पाठ असणाऱ्या पोराला आणखी एक वेळापत्रक मिळालं आहे. "देवगिरीपेक्षा वेळेवर येतंय की हे," दाजी म्हणतात.

ताई पैसे पाठवते. आधी एका ठिकाणी "पूर्ण शांतता" असं छातीठोक सांगितल्यावर भर दुपारी खोलीच्या भिंतीपलीकडे हळदीची गाणी सुरू झाली होती, आणि तिथून अर्ध्या रात्री निघावं लागलं होतं. तेव्हापासून "काही त्रास होणार नाही" असं म्हणणाऱ्या माणसावर तिचा विश्वास नाही. येऊ नका म्हणणारा हा पहिलाच भेटला आहे.

एकच विनंती ती करते: फाटकापासून पाण्यापर्यंत चालत जाऊन मोबाइलवर चित्रण करून पाठवाल का? मध्ये काही बोलू नका, फक्त चाला. ते गृहस्थ यालाही विचार करून हो म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रण येतं. फाटक, विहीर, विहिरीवरची मोटर (इथे ते आठवणीने थांबले आहेत), सुपारीची बाग, जांभ्या दगडाची पाखाडी, सुरूची झाडं, वाळू, पाणी. चपलांचा आवाज आणि मध्येच खोकला. भाचा जमिनीवर पालथा पडून बघतो. संपलं की पुन्हा लावतो. दुपारपर्यंत घरातल्या सगळ्यांना तो रस्ता पाठ झाला आहे. आज्जीसुद्धा चहा गाळताना म्हणतात, "आता पाखाडी."

ताई नवी पट्टी करायला बसते. कागदाचे चौकोन, रंगीत पेन्सिली. भाचा तिच्या हातातून पेन्सिल काढून घेतो आणि मोबाइल तिच्या नाकापुढे धरतो. पाखाडीच्या वळणावर, एका कडेला, क्षणभर एक तांबूस कुत्रा आडवा जातो. आमच्यापैकी कुणी तो पाहिलाच नव्हता. वहीतल्या प्रश्नांतही कुत्रा नाही.

"कुत्रा," तो म्हणतो. मग, "कुत्रा नाव."

ताई घड्याळाकडे बघते आणि केळशीला फोन लावते.

"कुत्रा?" ते गृहस्थ म्हणतात. "आमचा नाही हो तो, गावाचा आहे. भुंकत नाही, म्हातारा झालाय. नाव कुठलं, कोणी ठेवलंच नाही. 'हाड्' म्हणतो आम्ही त्याला."

"हाड्," भाचा म्हणतो. पुन्हा, स्टेशनवरच्या बाईंच्या आवाजात, "हाड्."

आज्जी तोंडाला पदर लावून हसतात. ताई पाखाडी आणि सुरूच्या झाडांच्या मध्ये एक चौकोन वाढवते, त्यात जमेल तसा कुत्रा काढते, आणि दाजी खाली सुवाच्य अक्षरांत नाव लिहितात.